आगीआधीची झोपडी

ऐझॉल
३ फेब्रुवारी १९९१

नाही चुआना, हे चालणार नाही. 'पा बरे आहेत, डुक्कर बरं आहे, थंडी बरी आहे.' पत्र लिहितोयस की हजेरी घेतोयस? बापाची आणि डुकराची चौकशी एका ओळीत उरकायची, आणि वर मलाच टोमणा, की ऊ वेली, शहरात जाऊन तू भित्री झालीस.

झाले भित्री. मोठी बहीण भित्री आहे असं समज आणि नीट उत्तर दे.

काल बसने गावाहून पि थुआमी आल्या होत्या, हॉस्पिटलात गुडघा दाखवायला. एक्स-रेच्या रांगेत मी त्यांच्याजवळ बसले. विचारलं, आमचे पा कसे आहेत? म्हणाल्या, 'छान आहेत.' मग म्हणाल्या, 'तुमच्या चुलीशी हल्ली एकच माणूस जेवतो ना.' मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणे, 'काही नाही गं, गुडघा दुखला की मी काहीही बोलते.' आपली माणसं कशी आहेत तुला माहीत आहे. समोरच्याला लाज वाटेल असं काही तोंडातून काढायचं नाही, मग कुणाचा जीव जाईना का.

म्हणून सरळ विचारते. पा घरी झोपतात का?

आणि दुसरं. मी इथे नर्सिंगला आल्यापासून पा मला दर महिन्याला त्यांचा ऋतूचा धडा पाठवतात. रविवारच्या शाळेत पोरांना देतात तोच. तू हसतोस त्याला. मी नाही हसत. इथला पहिला हिवाळा मी त्याच्यावरच काढला. भात कापणीला आलं की लिहायचे, देव मागतो ते पिकल्यावरच मागतो. धुकं उतरलं की लिहायचे, दरी दिसत नाही म्हणजे दरी गेली असं नाही. आणि जानेवारीचा धडा दर वर्षी एकच, मला पाठ आहे: पान गळतं, पण झाड घाबरत नाही, कारण पुढचं पान फांदीच्या डोळ्यात तयार बसलेलं असतं.

या जानेवारीत लिहिलंय, 'पान गळतं.' टिंब. खाली सही.

आपली आई, नू, जाऊन चार महिने झाले. ऐन कापणीत गेली ती, भात अर्धं उभं होतं. मला कळतंय की पा दुःखात आहेत. पण ते उरलेलं अर्धं वाक्य कुठे गेलं, ते मला हवंय. तू तिथे आहेस. जा आणि विचार.

ऊ वेली


तुइफाल
११ फेब्रुवारी

ऊ वेली,

घे हजेरी. पा: हजर. डुक्कर: हजर, तुझ्याहून जाड. मी: हजर, पण माझं कोण विचारतंय.

पि थुआमींचं काय घेऊन बसलीस. त्यांच्या कोंबडीने अंडं उशिरा दिलं तरी त्यांना जगाचा शेवट दिसतो. पा शेतावरच्या झोपडीत झोपतात, हे खरं आहे. नाताळ झाला आणि गेले. त्यात काय एवढं? झूमच्या फिरत्या शेतीसाठी जंगल तोडायचे दिवस आहेत, अर्धे म्हातारे शेतावरच असतात. या वर्षी आपल्या वाट्याला कुठली उतरण आलीय माहीत आहे? ओढ्यावरची. पा आणि नूने लग्नानंतर पहिलं भात पेरलं ती. मध्ये तिच्यावर जंगल वाढलं, तोडलं, परत वाढलं, आता परत तोडायला आलं. पा म्हणाले, मीच तोडणार. मी म्हटलं, मग मी काय करू? म्हणाले, 'तू बांबू वाहा.' वाहिले. खांद्याची सालं निघाली. कुणी विचारलं नाही.

रोज जेवण घेऊन जातो. जेवतात, थोडं. नू भात टाकायच्या आधी मूठभर तांदूळ देवळासाठी बाजूला काढायची ना, तसं पा पण काढतात. फरक एवढाच की हे शिजलेला भात काढतात, आणि तो देवळात कसा न्यायचा ते सांगत नाहीत. पानावर ठेवून देतात. मुंग्या खातात. त्या उतरणीवरच्या सगळ्या मुंग्या आता पक्क्या प्रेस्बिटेरियन झाल्यात.

रविवारी देवळात येतात. फक्त पुढे उपांच्या, मंडळीच्या वडीलजनांच्या बाकावर बसत नाहीत, मागे दाराजवळ बसतात. म्हणाले, गुडघे. सगळ्या गावाचे गुडघे एकदमच गेलेत असं दिसतंय.

तुझं अर्धं वाक्य विचारलं. म्हणाले, 'कागद संपला असेल.'

तेव्हा झोप शांत. आणि पुढच्या वेळी शाईने लिही, इंजेक्शनच्या सुईने लिहिल्यासारखं दिसतं.

चुआना


ऐझॉल
१८ फेब्रुवारी

गुडघे?

मंडळीने निवडलेला उपा, ज्याने आयुष्यभर पहिल्या बाकावर बसून अख्ख्या देवळाचा सूर धरला, तो उठून दाराजवळ बसतो आणि तू मला गुडघे सांगतोस?

आणि बांबू कशाला? तोडायच्या कामाला कुऱ्हाड लागते, कोयता लागतो. बांबू लागतात ते बांधायला. काय बांधलंत तुम्ही? मागच्या वर्षीच्या शेतावर चांगली झोपडी उभी आहे, नूने तिला मागच्याच पावसाळ्यात नवं छप्पर घातलं होतं. पा तिथेच झोपतात ना? मी तसंच समजत होते. आता नाही समजत.

आमच्या वॉर्डात एक आजी होत्या. चांगल्या होत होत्या. एके दिवशी त्यांनी कंगवा मला दिला, शाल शेजारच्या बाईला दिली, डबा झाडूवालीला. आम्ही सगळ्या हसलो, म्हटलं आजी, लग्नाला चाललात का? त्या पण हसल्या. दुसऱ्या दिवशी गेल्या. आजार तोच होता, वाढला नव्हता. त्यांनी धरलेलं सोडलं, एवढंच. कंगवा माझ्याकडे आहे, वापरवत नाही.

पांनी कुणाला काही दिलंय का?

फेब्रुवारीचा धडा आला. 'दाणा मातीत पडून मरत नाही तोवर एकटाच राहतो.' बस. लहानपणापासून आपण हे वचन त्यांच्याच तोंडून ऐकलं, आणि मेला तर पुष्कळ होतो, हे म्हणताना ते दोन्ही हात असे पसरायचे की पुढची पोरं मागे सरकायची. ते पुष्कळ कुठे गेलं? त्यांनी फक्त मरण आणि एकटं ठेवलंय.

हसून उत्तर दिलंस तर मी पत्र फाडीन.

वेली


तुइफाल
२७ फेब्रुवारी

ऊ वेली,

नाही हसत.

झोपडी मागच्या वर्षीच्या शेतावरची नाही. या वर्षीच्या तोडीत आहे. मधोमध. बांबू तिच्यासाठीच वाहिले मी.

तुला हे समजावून सांगायची गरज नाही, पण लिहूनच टाकतो, लिहिलं की मलाच नीट दिसेल. आधी तोडतात, मग वाळवतात, मग जाळतात, राख थंड झाली की झोपडी बांधतात, मग पेरतात. आगीआधी झोपडी कुणी बांधत नाही. अख्ख्या डोंगरात कुणी बांधलेली नाही. त्यांनी बांधली. चारी बाजूंना वाळलेली झाडं, गुडघाभर पानं, आणि मध्ये ती. भोवतीची जागा साफ करतो म्हटलं, आग अडेल एवढी तरी. म्हणाले, 'राहू दे, चांगलं वाळतंय.'

मी वाहताना विचारलं नाही असं समजू नकोस. विचारलं. म्हणाले, 'तुझ्या नूचं पहिलं घर इथे होतं.' मला वाटलं, बांधू दे, बरं वाटेल, जाळायच्या आधी उतरवून टाकू. गावातही तसंच वाटलं असेल. पोरांनी तिला नाव ठेवलंय नोहाचं जहाज. शेजारचे पु रुआला परवा चहा पिताना म्हणाले, 'नोहाने पाण्याआधी बांधलं, तुझा बाप आगीआधी बांधतोय.' सगळे हसले. मग कुणीतरी घाईघाईने रुआलांच्या भावाच्या म्हशीचं विचारलं. त्याच्याकडे म्हैस नाहीये.

दिलं का विचारलंस. बंदूक पु रुआलांना दिली. घड्याळ मला.

आणि आणखी एक. मागच्या रविवारी ते शाळेतल्या पोरांना तोडीवर घेऊन गेले, धडा द्यायला. मी पण गेलो. त्यांनी पोरांना वाळलेल्या पानांत झोपवलं. डोळे मिटा म्हणाले. ऊन वर आलं होतं, पानं तडतडत होती, आपोआप, कुणी हललं नाही तरी. 'ऐकताय ना?' पा म्हणाले. 'हे जंगल मेलेलं नाही. हे वाट बघतंय.' एका पोरीने विचारलं, 'कुणाची?' पा तिच्याकडे बघत राहिले, जसं काही तिलाच माहीत असेल. ती रडायला लागली, मग सगळीच रडायला लागली. आता आईबाप पोरांना धाडत नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, खोकला.

मी त्यांना घरी चला म्हटलं. हात जोडून म्हटलं. ते म्हणाले, 'जाळायच्या दिवशी हाळी मलाच द्यायचीय, मी इथेच बरा.'

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तेव्हापासून मला झोप नाही. जाळायच्या दिवशी उतरण रिकामी आहे हे बघायचं काम गेली कित्येक वर्षं पांचं आहे. ते खालून वर येत हाका मारतात, बायापोरं बाहेर काढतात, आणि मग ओरडतात, 'रिकामं आहे.' ती हाळी ऐकली की वर डोंगराच्या धारेवर उभी असलेली माणसं पलिते लावतात. हाळी देणारा वर आला की नाही, हे कुणी बघत नाही. बघायची वेळच आली नाही कधी.

ते तिथून, त्या झोपडीच्या दारातून ओरडले, तरी वरच्यांना आवाज सारखाच येईल.

मी काय करू?

चुआना


ऐझॉल
४ मार्च

काही करू नकोस. म्हणजे गावात बोलू नकोस अजून. माणसं त्यांना धरून आणतील, आणि मग ते उरलेलं आयुष्य धरून आणलेल्या माणसासारखे जगतील.

मी त्यांना सरळ विचारलंय. आडून नाही. 'पा, तुम्ही त्या आगीत बसणार आहात का?' असंच लिहिलं. लिहून झाल्यावर हात धुतले, का ते मला माहीत नाही.

मेट्रन सुट्टी देत नव्हती. रडले नाही, फक्त तिच्या टेबलासमोरून हलले नाही. शनिवार तेवीस तारखेची बस धरते. जाळायचं ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारनंतर ठरलंय ना, सोमवारी? मग मी आधी पोचते.

तू रोज खाली जा. दिवसातून जास्त वेळा जा. मीठ विसरलो म्हणून जा.

वेली


तुइफाल, ओढ्यावरची उतरण
१० मार्च

प्रिय वेली,

तू सरळ विचारलंस. बरं केलंस. इथे सगळे इतके प्रेमळ आहेत की कुणी काही विचारत नाही.

कांचन फुललाय. झोपडीच्या दारातून समोरच्या धारेवर दिसतो, पान नाही, नुसती फुलं. दर वर्षी या दिवसांत मी पोरांना त्याचा धडा द्यायचो. पान यायची वाट न बघता जो फुलतो त्याला विश्वास म्हणायचं. चांगला धडा होता तो. पोरांना आवडायचा.

तुला आठवतं, मी काय काय शिकवलं? शरदात डोंगर देतो. हिवाळ्यात डोंगर गप्प बसतो, पण गप्प बसणं म्हणजे नसणं नव्हे. मग आग येते, आणि आग शत्रू नाही. मग पाऊस, तो आपल्या कमाईचा नाही, फुकट आहे, म्हणून त्याला कृपा म्हणायचं. तुझी नू गेली तेव्हा सारा गाव आपल्या घरी गाणी म्हणायला जमला, आणि मी त्या गर्दीत स्वतःला म्हणालो, थान्सियामा, हा हिवाळा आहे. तुला हिवाळा ठाऊक आहे. थांब.

थांबलो. हिवाळा गेला, पोरी. सगळ्यांचा गेला. पक्षी आले, हवा तापली, माझ्या आत मात्र काहीच फुटलं नाही. मी प्रार्थनेला डोळे मिटतो तेव्हा मला फक्त पानं ऐकू येतात.

मला भीती वाटते. मरणाची नाही. भीती ही वाटते, की मी इतकी वर्षं देव म्हणून जे शिकवलं, ते नुसतं हवामान होतं.

आता तुझा प्रश्न. बायबलातल्या राजाने मूर्तीपुढे न वाकणाऱ्या तिघांना भट्टीत टाकलं, आणि आत चौघे चालताना दिसले, चौथा देवाकडचा. ही गोष्ट तू लहानपणी मला परत परत सांगायला लावायचीस. ते तिघे बाहेर होते तोवर चौथा कुठे होता? कुठेच नव्हता. तो आगीतच भेटतो. मी आयुष्यभर धारेवर उभा राहून आग बघितली आणि खाली लोकांना तिचा अर्थ सांगितला. एकदा आत उभं राहून बघतो. तो असेल तर मी चालत वर येईन, केसही जळणार नाही. मग मी पुन्हा पुढच्या बाकावर बसेन आणि पुन्हा शिकवेन. आणि नसेल, तर मग खोटं शिकवणारा एक माणूस कमी.

मी जीव द्यायला बसलेलो नाही. मी विचारायला बसलोय.

भिऊ नकोस. चुआनाला रागावू नकोस, तो बिचारा दिवसातून तीनदा मीठ घेऊन येतो.

तुझा पा


ऐझॉल
१५ मार्च

चुआना,

पांचं पत्र आलं. सोबत पाठवतेय. वाच, मग पुढचं वाच.

वाचलंस? मी लिनन रूममध्ये जाऊन जमिनीवर बसले. मग बाहेर आले तर आम्ही गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींवर काळे ठिपके. राख. कुठल्या तरी डोंगरावर जाळलं होतं, वाऱ्याने इथवर आली. दुसऱ्या मुली चिडल्या, परत धुवायला लागणार म्हणून. मी एक कण बोटावर घेतला. पानाची शीर दिसत होती त्यात अजून. मला ओरडावंसं वाटलं. कुठल्या डोंगराची राख हे मी कसं ओळखणार होते?

मग मी ती गोष्ट काढून वाचली. परत वाचली. आणि चुआना, पा चुकलेत. इतकी वर्षं सांगितलेल्या गोष्टीत ते चुकलेत, आणि मंडळीत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण उपाची चूक कोण काढणार.

चौथा कुणाला दिसला? राजाला. राजा कुठे होता? बाहेर. भट्टीच्या तोंडाशी उभा होता तो. आतल्या तिघांनी कुणाला पाहिलं, असं त्यात कुठेही नाही, एक अक्षर नाही. आत होते त्यांना कदाचित नुसता धूर दिसला असेल. आणि ते तिघे चालत गेले नव्हते. बांधून टाकलं होतं त्यांना. त्यांच्यातला एक जरी म्हणाला असता की चला, आज देव आहे का ते बघू, तर ती गोष्ट आपल्याला कुणी सांगितलीच नसती.

त्यांना सांग हे. म्हणावं, चौथा बघायचा असेल तर बाहेर उभं राहावं लागतं. धारेवर. ते आयुष्यभर जिथे उभे होते तिथेच.

आणि दाणा. दाणा आगीत कोण टाकतं? तू रोज शेतात असतोस, तूच सांग त्यांना. आग होऊन जाते, राख निवते, मग पेरतात. आगीत पडलेला दाणा मरतही नाही, उगवतही नाही, तो फुटाण्यासारखा भाजतो. पांनी ऋतूंचा क्रम चुकवलाय. हिवाळा संपला असं म्हणतात, पण त्यांचा संपलेला नाहीये, एवढंच. कुणाकुणाचा उशिरा संपतो. उशिरा झालेल्या पावसाला आपण पाऊस नाही असं म्हणतो का?

मी हे त्यांना लिहायला बसले, तीन कागद भिजवले. तू तोंडाने सांग. तुझ्या आवाजात रडू कमी असतं.

शनिवारी येतेच आहे. तोवर धर त्यांना.

वेली


तुइफाल
२० मार्च, सकाळ

ऊ वेली,

तुझं पत्र काल मिळालं. शनिवार नाही मिळणार आपल्याला. आज जाळतायत.

पश्चिमेला काल ढग चढले. या दिवसांतले नाहीत, जड आहेत, काळे. सकाळी सगळे ग्रामपरिषदेच्या घरापाशी जमले आणि ठरलं, पावसाने गाठायच्या आत, आज दुपारी. तोड भिजली तर यंदा जळणार नाही, न जळलेल्या उतरणीवर भात येत नाही, आणि मग अख्खा गाव वर्षभर काय खाणार हे तुला सांगायला नको. त्यात दरीपलीकडच्या गावाने सकाळीच पेटवलंय. धूर इकडे येतोय. मधूनमधून ठिणगी पण येते, त्यामुळे आता आपण लावू तेव्हाच लागेल असंही राहिलेलं नाही.

काल तुझं पत्र घेऊन मी खाली गेलो होतो. वाचून दाखवलं. सगळं, फुटाण्यासकट. राजा बाहेर होता हे आलं तेव्हा ते हलले. खरंच हलले, पाठ ताठ झाली त्यांची. म्हणाले, 'परत वाच.' परत वाचलं. मला वाटलं, झालं, उठतात आता. मग म्हणाले, 'वेली हुशार आहे. पण राजाला दिसायला आत कुणीतरी असावं लागलं ना.'

त्यांच्याशी वाद घालून कुणी जिंकलंय कधी?

मग मी आज सकाळी पु रुआलांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तू नको म्हणाली होतीस. सांगितलं. मला वाटलं ते दचकतील. ते दारात बसून पलित्याला चिंध्या गुंडाळत होते, गुंडाळतच राहिले. म्हणाले, 'माहीत आहे.' मी म्हटलं, काय माहीत आहे? 'जहाज बांधलं त्या दिवसापासून माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे.' मग बोलला का नाहीत कुणी? ते म्हणाले, 'तुम्हाला लाज वाटली असती.'

वेली, मी त्यांच्या हातातला पलिता घेऊन फेकून दिला. वडीलधाऱ्या माणसाच्या हातातला. ते उठले, उचलून आणला, माती झटकली आणि परत खाली बसले. म्हणाले, 'आम्हाला वाटलं, एवढा शहाणा माणूस, आपोआप वर येईल.' मग म्हणाले, 'मी स्वतः जाऊन ओढून आणू का?' मी नाही म्हटलं. तू ते धरून आणलेल्या माणसाबद्दल लिहिलं होतंस, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हा असं ठरलंय. आज हाळी मी देणार. पांची हाळी आली, खणखणीत आली, तरी पलिते लावायचे नाहीत. माझा आवाज आला तरच. आणि माझा आवाज तेव्हाच येईल जेव्हा आम्ही दोघे धारेच्या खालच्या खडकापाशी पोचलेले असू. ते नाही आले तर मी येत नाही, मी नाही आलो तर आग नाही, आग नाही तर गावाला भात नाही. हे मी त्यांना खाली जाऊन सांगणार. त्यांना देवाला विचारायचंय ना, मग गावाच्या जेवणासकट विचारू देत.

पु रुआला म्हणाले, 'मी थांबेन. सगळ्यांना थांबवेन.' मग धुराकडे बघून म्हणाले, 'त्या ठिणग्यांना मात्र तू सांग बाबा.' हा विनोद होता की काय मला कळलं नाही. ते हसले नाहीत.

मला भीती वाटतेय, वेली. खोटं कशाला बोलू. आत्ता घरातून उतरण दिसते तेवढीही बघवत नाही, इतकी वाळलीय की तिच्याकडे जोरात बघितलं तरी पेटेल असं वाटतं. ती पानं रात्रंदिवस तडतडतात. मी देवळात पोरींकडे बघत बसणारा माणूस, मला कुठला धडा कळत नाही, मला चौथा वगैरे कधी दिसणार नाही. पण पा एकटे बसलेत, एवढं मला दिसतं. त्यांना चौथा बघायचाय, मी म्हणणार, आधी दुसरा बघा. आणि बसणार त्यांच्या शेजारी. बोलणार नाही. जा म्हणतील, तर जाणार नाही.

आधी वाटलं होतं, तू येईपर्यंत थांबवू सगळं. ढग थांबत नाहीत.

बसवाला हॉर्न देतोय, हे पत्र त्याच्याच हातात द्यायचंय. डुकराला खाऊ घातलंय. दुपार व्हायला अजून अवकाश आहे पण वारा फिरलाय, धूर आता सरळ ओढ्याकडे, पांच्या झोपडीकडे चाललाय, म्हणून मी वळणाच्या पायवाटेने न जाता तोडीतूनच सरळ खाली उतरतो.

चुआना